शेवटच्या प्रतीचा प्रश्न

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. तीन वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक मराठी वाचकाच्या नजरेआड गेलं, ते जवळजवळ नव्वद वर्षं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा प्रसिद्ध केलं, आणि आज एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रियांच्या विचारांबद्दल बोलताना त्याला वगळून पुढे जाता येत नाही.

त्या नव्वद वर्षांतलं कोणतंही एक वर्ष घेऊ. समजा १९३५. त्या साली एखाद्या गावच्या वाचनालयात ही प्रत असती, तर देवघेवीच्या नोंदवहीत तिच्यापुढे काय दिसलं असतं? बहुधा काहीच नाही. पातळ पुस्तक, लेखिका कुणाला माहीत नाही, भाषा जुन्या वळणाची, मागणी शून्य. जागा कमी पडते म्हणून पन्नास पुस्तकं काढायची वेळ आली असती, तर पहिल्या दहांत तिचा नंबर लागला असता. काढणाऱ्याला दोषही देता आला नसता. त्याच्यापुढे त्या गावातले वाचक होते आणि त्यांना ते नको होतं.

हे सगळं लक्षात ठेवूनही माझं मत असं आहे, की आपल्या वाचनालयांनी नको झालेली जुनी पुस्तकं काढली पाहिजेत. नियमितपणे, मोठ्या संख्येने आणि चारचौघांना सांगून. ती न काढण्याची आपली आजची सवय पुस्तकं वाचवत नाही, उलट अधिक वाईट रीतीने मारते. पण एखादं पुस्तक आपल्या कपाटात राहावं की नाही, एवढंच एका वाचनालयाने ठरवावं. ते पुस्तक जगात उरावं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कुठल्याही एका वाचनालयाला नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि आपल्याकडे ते एकत्र झाल्यामुळे दोन्हींची उत्तरं चुकतात.

आधी कपाटाचा प्रश्न. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांच्या वर आहे. त्यांतली काही तर या देशातल्या जुन्या ग्रंथालयांत मोडतात. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. पण बहुसंख्य ग्रंथालयं म्हणजे दोन खोल्या, एक ग्रंथपाल आणि तुटपुंजं परिरक्षण अनुदान. १९६७च्या कायद्याने त्यांना आधार दिला, आणि १९७०च्या नियमांनी अ, ब, क, ड असे दर्जे ठरवले. दर्जाच्या निकषांत ग्रंथसंख्या आहे, आणि दर्जावर अनुदान अवलंबून आहे. म्हणजे पुस्तक कितीही निरुपयोगी झालं तरी नोंदवहीतल्या त्याच्या दाखलअंकाला पैशाची किंमत उरतेच. शंभर फाटकी पुस्तकं काढली आणि संख्या उंबरठ्याखाली गेली, तर नुकसान वाचनालयाचं. असा हिशेब समोर असताना कुठलं कार्यकारी मंडळ निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तकं नोंदीतून काढून टाकण्याचा, ठराव आनंदाने करील?

दुसऱ्या बाजूने भर पडतच राहते. शासनमान्य यादीतली खरेदी वर्षअखेरीस उरकायची असते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून, १९७२ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेकडून, पुस्तकं येतात. त्यांत चांगलीही असतात, पण गावातल्या कुणीही न मागितलेलीही असतात. आणि मग देणग्या. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की मुलं चार पोती घेऊन वाचनालयात येतात. त्यांना ती रद्दीत घालवत नाहीत, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करण्याचे संस्कार असतात. ग्रंथपालांना नाही म्हणता येत नाही, कारण समोरच्याचं दुःख ताजं असतं. पोत्यांतल्या दोनशे पुस्तकांपैकी दीडशे वाचनालयात आधीच असतात. ती माळ्यावर जातात.

माळ्यावर काय होतं हे ग्रंथपालांना विचारावं. कौलं गळतात, किंवा स्लॅबला ओल येते. कसर पानांच्या कडा खाते, वाळवी पुठ्ठ्यातून शिरते आणि पुस्तक वरून शाबूत दिसत असतानाच आतून पोकळ करते. कोकणात चार महिने हवेतच इतकं पाणी असतं की एका पुस्तकावरची बुरशी शेजारच्या दहा पुस्तकांवर जायला एक पावसाळा पुरतो. कागदाचा स्वतःचाही रोग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्याला तुरटी आणि राळेची खळ देत, आणि त्यातून कालांतराने आम्ल तयार होऊन कागद ठिसूळ होतो. त्यामुळे १८५०च्या आधी शिळाछापावर, हातकागदावर निघालेली पुस्तकं कित्येकदा १९४४ सालच्या कादंबरीपेक्षा धडधाकट असतात. महायुद्धाच्या टंचाईतला कागद हातात घेतला की पोळीच्या पापुद्र्यासारखा तुटतो. अशी पुस्तकं ढिगाने एकावर एक रचून ठेवणं याला जतन म्हणता येत नाही. तो नाशच आहे, फक्त त्याची तारीख कुणी लिहून ठेवत नाही आणि यादी कुणाकडे नसते.

मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच. निर्णय घेऊन काढलेलं पुस्तक निदान नोंदवलेलं असतं. पुराने, वाळवीने किंवा इमारत बदलताना टेम्पोत न चढल्याने गेलेलं पुस्तक नोंदवहीत जिवंतच राहतं.

ग्रंथपालांना यात दोष देऊ नये. आपल्या सरकारी हिशेबात पुस्तक ही टेबल-खुर्चीसारखी मालमत्ता आहे आणि ते हरवलं तर जबाबदार माणूस शोधायचा असतो. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत तर स्पष्ट आकडा आहे. वर्षभरात दिल्या-घेतलेल्या वा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गेली, तर ते रास्त धरावं, पण हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं की चौकशी व्हावी. या नियमामागचा विचार माणुसकीचा आहे, कारण खुल्या कपाटांच्या वाचनालयात पुस्तकं थोडीफार जाणारच हे त्यात मान्य केलं आहे. पण गावोगावच्या ग्रंथपालांपर्यंत पोचते ती फक्त चौकशीची भीती. पुस्तक माळ्यावर कुजलं तर कुणी विचारत नाही. ते काढलं तर विचारतात. मग माणूस काय करील?

वाचकाच्या बाजूनेही पाहू. १९६९ साली पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात जी पुस्तकं दाखल झाली, त्यांतली सुमारे ४० टक्के पुढच्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नाहीत, असं अॅलन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं. १९७९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा अमेरिकेत मोठा वाद झाला. विद्यापीठात ही गत, तर तालुक्याच्या वाचनालयाचा अंदाज आपला आपण करावा. स्पर्धापरीक्षेची तयारी करणारी मुलगी संदर्भ विभागात येते आणि तिच्या हाती पंचवीस वर्षांपूर्वीचं मार्गदर्शक लागतं. संगणकाच्या कप्प्यात फ्लॉपी कशी भरायची ते शिकवणारी पुस्तकं असतात. तेलंगणा नसलेला नकाशासंग्रह असतो. ती मुलगी पुन्हा अभ्यासिकेत बसायला येईल, पुस्तकाच्या कपाटाकडे येणार नाही. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांत वाचकाचा वेळ वाचवणं हे ग्रंथालयाचं कर्तव्य सांगितलं, आणि ग्रंथालय हा वाढता जीव आहे असंही म्हटलं. आपण वाढ तेवढी लक्षात ठेवली. जीव वाढतो तो काही गोष्टी टाकूनच, हे विसरलो.

आता काय काढायचं? वरवर सोपी दिसणारी यादी इथे फसवते. कायद्याचीच पुस्तकं घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. म्हणजे दंड संहितेवरची सगळी पुस्तकं बाद? नाही. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या संहितेनुसारच चालणार आहेत, आणि आपल्या न्यायालयांची गती पाहता ती पुस्तकं वकिलांना अनेक वर्षं लागतील. पण सामान्य वाचकाच्या हाताशी ‘आपले कायदे’ म्हणून तीच ठेवणं म्हणजे त्याला चुकीची माहिती देणं. पुस्तक तेच, एका कपाटात उपयोगी आणि दुसऱ्या कपाटात घातक. औषधोपचाराच्या जुन्या पुस्तकांबद्दल मात्र मला शंका नाही. क्षयावर किंवा बाळाच्या आहारावर कालबाह्य सल्ला देणारं पुस्तक खुल्या कपाटातून आजच काढावं. त्यातून माणसाला इजा होऊ शकते. ‘मृत्युंजय’ किंवा ‘ययाति’च्या सात जीर्ण प्रती असतील तर दोन चांगल्या ठेवून बाकीच्या काढायला कुणाची हरकत नसावी. यात हानी काही नाही, ती पुस्तकं दुकानात मिळतात.

अवघड होतं ते यापुढे, जिथे वापर हा एकच निकष लावला जातो. वापर हा निकष मागच्या पाच-दहा वर्षांतल्या वाचकांबद्दल सांगतो, त्या पुस्तकाबद्दल नाही. त्यात अन्याय दोन्ही बाजूंनी होतो. न वाचलेलं पुस्तक मरतं हे ताराबाईंच्या उदाहरणात दिसलंच असतं. पण अतिशय वाचलेलंही मरतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या गोष्टींनी महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांना वाचायची गोडी लावली याचं मोजमाप नाही. ती पुस्तकं वाचनालयांत हातोहात फिरली, पानं निखळली, टाचण्या गंजल्या, आणि फाटली की काढली गेली. विद्वानांच्या ग्रंथालयांनी ती कधी घेतलीच नव्हती, कारण ती त्यांच्या लेखी साहित्य नव्हती. आज अर्नाळकरांचा समग्र संच एका ठिकाणी पाहायचा म्हटलं तर अभ्यासकाला खाजगी संग्राहकांची दारं ठोठावावी लागतात. विसाव्या शतकातला मराठी माणूस खरोखर काय वाचत होता, हे पुढे कुणी लिहायला बसेल तर त्याच्या हाती पुरावाच अपुरा असेल.

नियतकालिकांची दशा याहून वाईट. पुस्तकाला निदान दाखलअंक असतो. मासिकं वर्षाअखेरी रद्दीत जातात आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. मुक्ता साळवे या लहान मुलीने मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’च्या दोन अंकांत आला. तो पुस्तकरूपाने आला नव्हता. कुणीतरी ‘ज्ञानोदय’च्या फाइली बांधून ठेवल्या म्हणून तो आपल्यापर्यंत आला. ‘दीनबंधु’ १८७७ साली सुरू झालं, सत्यशोधकांचं मुखपत्र म्हणून चाललं, आणि त्याच्या जुन्या फाइली आज तुटक मिळतात. ज्यांच्याकडे वाडे नव्हते, पेट्या-फडताळं नव्हती, ज्यांच्या संस्थांना इमारती नव्हत्या, त्यांचा छापील शब्द आधी हरवतो. म्हणून ‘याला कुणी विचारत नाही’ या कारणाने काहीही काढताना हात थांबला पाहिजे. विचारणारा माणूस त्या वाचनालयाचा सभासद नसेल, कदाचित त्या काळी त्याला सभासद करूनही घेतलं नसेल.

दिवाळी अंकांचंही तसंच. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि शंभराहून अधिक वर्षं मराठीतल्या कथा, कविता, व्यंगचित्रं, मुलाखती यांचा फार मोठा भाग आधी तिथेच छापला गेला. पुष्कळ काही तिथेच राहिलं. वाचनालयं दिवाळी अंक हौसेने घेतात, वर्षभर फिरवतात, आणि पुढची दिवाळी आली की काढतात. जिथे बांधून ठेवले तिथेही बांधणीत मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं गेली, कारण बांधणाऱ्याला जाड पुठ्ठा घालायचा होता आणि कडा कापून सारख्या करायच्या होत्या. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं अशी किती गेली असतील! सेलोटेपने केलेल्या दुरुस्तीबद्दल तर बोलायलाच नको; तिच्या डिंकाने पडलेला पिवळा डाग आता सहसा निघत नाही.

म्हणून प्रश्न विचारायचा तो असा: ही प्रत गेली तर हे पुस्तक उरतं का? तालुक्याच्या वाचनालयात बसून याचं उत्तर मिळत नाही. कुणाकडे काय आहे हे एका ठिकाणी पाहता येईल अशी राज्याची संयुक्त सूची हवी. मराठीत तिचा पाया एका माणसाने घालून ठेवला आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची १९४३ साली प्रसिद्ध केली, आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ साली आला. संगणक नाही, संस्थेचं पाठबळ बेताचं, आणि एवढं काम. सूचीत नाव आहे पण प्रत कुठे आहे ते माहीत नाही, अशी पुस्तकं त्यात किती निघतील हे तपासण्याचं काम एकदाही राज्यभर पद्धतशीर झालेलं नाही. दात्यांना आपण आदराने स्मरतो. त्यांच्या कामाचा उपयोग मात्र केला नाही.

कुणी म्हणेल, हे काम कायद्याने आधीच दिलेलं आहे. १९५४च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची आहे. पण ती न दिली तर कायद्यात दंड ठेवला तो पन्नास रुपयांपर्यंत. उदगीरला किंवा सावंतवाडीला स्वखर्चाने कवितासंग्रह काढणाऱ्या माणसाला असा कायदा आहे हेच ठाऊक नसतं. स्मरणिका, जातींच्या संस्थांची वार्षिकं, गिरणी कामगारांच्या संघटनांची पत्रकं, जलशांच्या पुस्तिका यांतलं बरंच काही तिथे पोचलेलं नाही. आणि एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांसाठी आपले अभ्यासक अजूनही लंडनला जातात. १८९२ साली ब्लुमहार्ट यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती छापील पुस्तकांची सूची केली होती. त्यांनी नोंदवलेली काही पुस्तकं इथे सापडत नाहीत. त्यांनी नेली म्हणून राग यायचा तर येवो, पण इथे राहिलेल्या प्रतींचं आपण काय केलं तेही सांगावं लागेल.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखं आहे. फिनलंडने १९८९ साली कुओपिओ शहरात एक साठवण-ग्रंथालय सुरू केलं. देशातल्या कुठल्याही ग्रंथालयाने नको झालेलं पुस्तक तिथे पाठवायचं. तिथे ते नसेल तर ठेवून घेतात, असेल तर जादा प्रत काढतात, आणि कुठल्याही गावच्या वाचकाने मागितलं तर पाठवतात. त्यामुळे गावातल्या ग्रंथपालाच्या मनावरचं ओझं उतरतं. पुस्तक काढताना ते जगातून जात नाही, हे त्याला ठाऊक असतं. ब्रिटनमध्ये २००७ पासून विद्यापीठांनी मिळून संशोधनपत्रिकांचे जुने खंड कमी केले. अट एकच होती, देशात तीन प्रती राहिल्याच पाहिजेत. एक ब्रिटिश लायब्ररीत, दोन सदस्य ग्रंथालयांत. उलट उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. १९९६ साली तिथे सार्वजनिक ग्रंथालयाची नवी भव्य इमारत उघडली. जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत जाताना दोन लाखांहून अधिक पुस्तकं कचऱ्याच्या भरावात गेली, असा आरोप लेखक निकोल्सन बेकर यांनी केला. आकड्यावर वाद झाला, पण गावात जो संताप उसळला त्याचं कारण आकडा नव्हता. आपली पुस्तकं आपल्याला न विचारता, यादी न लावता गेली, हे लोकांना सहन झालं नाही. ग्रंथालयाच्या प्रमुखांना काही महिन्यांतच पद सोडावं लागलं.

महाराष्ट्राला कुओपिओसारखं एक घर परवडत नाही, हे मी मान्य करायला तयार नाही. आपण दरवर्षी पुस्तकखरेदीवर जे खर्च करतो, त्याच्या थोड्या भागात कोरड्या हवेच्या मराठवाड्यात वा विदर्भात एक साधी, बंदिस्त, उंचावरची इमारत उभी राहील. ती संगमरवरी नको आणि तिला नेत्याचं नाव नसलं तरी चालेल. पण नदीच्या काठी नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या नगर वाचनालयात कृष्णेचं पाणी शिरलं, आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला वाशिष्ठीच्या पुराने गाठलं. दोन्ही संस्था शंभरी ओलांडलेल्या, दोन्हींकडे दुर्मीळ पुस्तकं होती. जे फक्त तिथेच होतं ते कायमचं गेलं. प्रत्येक पुस्तकाच्या तीन प्रती तीन वेगळ्या खोऱ्यांत असाव्यात, ही काही चैन नाही. या दोन पुरांनंतर तरी ते कुणाला पटवून द्यावं लागू नये. विभागवार शासकीय ग्रंथालयं आपल्याकडे आधीच आहेत. गावच्या वाचनालयाने यादी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे पाठवावी, विभागात ती संयुक्त सूचीशी ताडावी, आणि ‘तीन प्रती सुरक्षित आहेत’ असं उत्तर आलं की पुस्तक बिनधास्त काढावं. उत्तर नकारार्थी आलं तर पुस्तक साठवणीत जावं, आणि पाठवणाऱ्या वाचनालयाच्या दर्जाच्या हिशेबात ते तसंच धरलं जावं. हा शेवटचा बदल झाल्याशिवाय बाकी काहीही होणार नाही. ग्रंथसंख्येवर अनुदान देणं थांबवून देवघेवीवर, सभासदांवर आणि जतनावर दिलं, तर माळे आपोआप रिकामे होऊ लागतील.

एक अपवाद मात्र मी आग्रहाने ठेवीन. गावाचं ते गावात राहावं. तिथल्या हायस्कूलच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, तिथल्या छापखान्यात छापलेलं भारूड किंवा पोवाडा, तिथल्या साप्ताहिकाचे अंक, नगरपालिकेचे जुने अहवाल, हे साठवणीत एक प्रत पाठवूनही मूळ गावच्या वाचनालयात कायम असावं. मुंबईतल्या संशोधकाच्या सोयीसाठी सावंतवाडीला स्वतःच्या इतिहासापासून तोडायचं कारण नाही. पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे, १८३२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या त्या संस्थेकडे, आज गोव्याच्या वृत्तपत्रांचा जो साठा आहे, त्याचं मोल तो गोव्यातच राहिला म्हणून वाढलं.

‘मग स्कॅन करा आणि टाका’ असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. स्कॅन जरूर करा. कायदा आड येत नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःकडे छापील प्रत असेल तर, जतनासाठी ती संगणकावर साठवायची परवानगी दिली आहे. बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रतीही ग्रंथालयाला स्वतःच्या उपयोगासाठी करता येतात. आणि लेखकाच्या निधनानंतरची साठ वर्षं संपली की पुस्तक सर्वांचंच. ही मुभा आपली ग्रंथालयं फार कमी वापरतात. पण मूळ प्रत टाकायला हे कारण पुरेसं नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियात स्कॅन झालेली मराठी पुस्तकं ज्यांनी उघडली आहेत त्यांना तिरकी पानं, सुटलेली पानं, घडी न उलगडलेले नकाशे आणि भलत्याच नावाखाली नोंदलेली पुस्तकं परिचयाची आहेत. तो प्रकल्प नंतर बंदच झाला, आणि त्यातलं पुष्कळसं आज उपलब्ध आहे ते एका परदेशी, लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेमुळे. चित्र चुकलं तर पुन्हा घ्यायला मूळ पुस्तक हवं. ज्या इंटरनेट आर्काइव्हने लाखो पुस्तकं संगणकावर आणली, तीच संस्था २०११ पासून कॅलिफोर्नियात छापील प्रतीही जपून ठेवते आहे. यात सगळं आलं.

आणि उरलेल्यांचं काय? जी पुस्तकं तीन ठिकाणी सुरक्षित आहेत, गावात कुणाला नको आहेत, त्यांचं? आधी तीन महिने यादी फळ्यावर लावावी, सभासदांना हवी ती घेऊ द्यावी. पुस्तकावर ‘निर्लेखित’ असा शिक्का आणि तारीख हवीच. आज मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा पुण्यात जुन्या बाजारात वाचनालयाच्या शिक्क्याचं पुस्तक मिळतं, तेव्हा ते रीतसर काढलेलं की चोरीचं हे कुणाला सांगता येत नाही. जुनी पुस्तकं विकणाऱ्यांनी मराठीवर फार उपकार केले आहेत. त्यांच्याकडे रीतसर विक्री व्हावी. त्यानंतर जे उरेल ते कागदाच्या गिरणीत जाऊ द्यावं, पुठ्ठे काढून, लगदा होण्यासाठी. यात पाप नाही. पुस्तकात जे होतं ते तीन ठिकाणी सुखरूप आहे, आणि कागद पुन्हा कागद होईल.

एक गोष्ट मात्र होऊ नये, आणि ती सर्रास होते. आपल्याला नको झालेली पुस्तकं ‘दान’ म्हणून आश्रमशाळांना, पाड्यांवरच्या शाळांना पाठवणं. नंदुरबारच्या एखाद्या भिल्ल मुलाला पंधरा वर्षांपूर्वीची प्राप्तिकराची पुस्तिका आणि मुखपृष्ठ फाटलेलं भविष्याचं पुस्तक देऊन आपण त्याला वाचनसंस्कृती देत नसतो. त्याला पहिलं पुस्तक मिळावं ते नवं, रंगीत, त्याच्या वयाचं आणि जमेल तिथे त्याच्या बोलीतलं. जे आपल्या मुलाच्या हातात ठेवणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाला देऊ नये, एवढा साधा नियम पाळला तरी पुष्कळ ट्रक वाटेतून परत येतील.

संयुक्त सूचीला, इमारतीला, नियमबदलाला वेळ लागेल. पण एक काम कुठल्याही जुन्या वाचनालयाला परवानगीशिवाय सुरू करता येतं. १९५० पूर्वीची पुस्तकं माळ्यावरून खाली आणावीत, धूळ झटकावी, आणि महाविद्यालयातली चार मुलं बसवून ती एकेक करून दाते सूचीशी ताडून पाहावीत. सूची संगणकावर उपलब्ध आहे. बहुतेक नावं सापडतील; त्यांची प्रत दुसरीकडे कुठे आहे ते ठाणे, मुंबई, पुण्याच्या मोठ्या संग्रहांना विचारावं. काही नावं सूचीत सापडणार नाहीत. दात्यांच्याही नजरेतून सुटलेली ती पुस्तकं असतील, आणि ती ज्या वाचनालयात निघतील तिथे कदाचित जगातली एकमेव प्रत असेल. ती आधी वेगळी काढावीत, पहिल्या पानाचं आणि छापखान्याच्या नावाचं छायाचित्र घ्यावं, यादी छापावी आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या वाचनालयांना पाठवावी. बाकीच्या माळ्याचं काय करायचं ते त्यानंतर ठरवता येईल.